पाचशे रुपये, साधा लॅपटॉप आणि वर्षभराचे गेम



या महिन्यात सदरासाठी दोन निरोप आले आणि दोन्ही एकाच घरातून आले. पहिला आईचा: "मुलगा अकरावीत आहे. कोचिंगची फी नुकतीच भरली, आणि आता तो गेमिंगचा लॅपटॉप मागतोय. सत्तर-ऐंशी हजार कुठून आणायचे? घरातला लॅपटॉप तर चांगला चालतोय." दुसरा, चार दिवसांनी, मुलाचा: "दादा, नवा लॅपटॉप नाही मिळाला तरी चालेल. पण वर्गात गेमचं बोलणं निघालं की मी नुसता ऐकत बसतो." दोघांना विचारूनच हे इथे लिहितोय, कारण असं एकच घर असेल असं मला वाटत नाही.

आईचा प्रश्न पैशांचा आहे, मुलाचा सोबतीचा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: दहा-पंधरा वर्षं मागे जा आणि जुने गेम खेळा. दुसऱ्याचं उत्तर तितकं सोपं नाही, पण त्यालाही रस्ता आहे. आधी पैशांचं पाहू.

खजुरी बाजाराचा नियम

खजुरी बाजारात जुनी पुस्तकं चाळताना कादंबरी वीस वर्षांपूर्वीची आहे म्हणून कुणी ती परत ठेवत नाही. उलट किंमत बघून खूश होतो. गेमचंही तसंच आहे. नवा गेम पहिल्या आठवड्यात सगळ्यात महाग असतो आणि बरेचदा सगळ्यात कच्चाही असतो. मी रोज सॉफ्टवेअरच बनवतो, त्यामुळे पहिल्या आवृत्तीत काय काय राहून जातं ते ठाऊक आहे. पुढची वर्ष-दोन वर्षं कंपनी त्यातल्या चुका दुरुस्त करत राहते. तोच गेम चार-पाच वर्षांनी घेतला तर किंमत उतरलेली असते, चुका सुधारलेल्या असतात आणि नंतर आलेले जादा भागही पुष्कळदा सोबतच मिळतात.

आणखी एक फायदा म्हणजे काळाची चाळणी. दरवर्षी हजारो गेम येतात आणि त्यातले बहुतेक वर्षभरात विसरले जातात. पंधरा वर्षांनंतरही लोक एखाद्या गेमचं नाव आवडीने घेत असतील, तर निवडीचं अर्धं काम तुमच्याआधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं.

आणि लॅपटॉपचं काय? गेम ज्या काळात बनतो, त्या काळच्या मशीनसाठी बनतो. आज अभ्यासासाठी किंवा ऑफिसच्या कामासाठी घेतलेला साधा लॅपटॉप २००७ सालच्या चांगल्या कॉम्प्युटरपेक्षा ताकदवान आहे. म्हणजे २००७ सालच्या गेमसाठी तोच तुमचा गेमिंग लॅपटॉप! सत्तर-ऐंशी हजार न घालताच तो घरात आलेला आहे.

कमी साधनांतली कारागिरी

"पण जुने गेम म्हणजे ठोकळ्या-ठोकळ्यांची चित्रं," असं पुतणे-भाचे म्हणतात. चित्रं साधी असतात हे खरं. पण साधनं कमी होती म्हणून बनवणाऱ्यांनी डोकं किती चालवलं, ते ऐका.

आमच्या पिढीने शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर बाहेर गेले की जो 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळला, तो १९८९ साली जॉर्डन मेकनर या तरुणाने ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी बनवला. राजपुत्र खऱ्या माणसासारखा धावावा म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र उतरवून घेतलं. पुढे शत्रू हवा होता, तर त्याची वेगळी चित्रं ठेवायला मेमरीच उरली नव्हती. मग राजपुत्राचीच चित्रं एका छोट्या गणिती युक्तीने सावलीसारखी दाखवली. आरशातून उडी मारल्यावर राजपुत्राचं जे दुसरं रूप बाहेर पडतं आणि पुढे त्याच्या वाटेत येत राहतं, ते असं जन्मलं. त्याला तलवार मारली की आपलाच जीव कमी होतो. मेमरी भरपूर असती तर कदाचित तिथे एखादा साधा राक्षस आला असता.

दुसरं उदाहरण निन्टेन्डोच्या गेम बॉयचं, तेही १९८९ सालचंच. तो घडवणारे गुनपेई योकोई यांचं म्हणणं असं, की जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, नीट कळलेलं तंत्रज्ञान घ्या आणि ते नव्या रीतीने वापरा. म्हणून गेम बॉयला रंगीत पडदा नव्हता, हिरवट-करडा होता. समोरच्या कंपन्यांची रंगीत यंत्रं सेल भराभर खायची, गेम बॉय मात्र चार पेन्सिल सेलवर कितीतरी तास चालायचा. त्याच्या नंतरच्या रंगीत आवृत्तीसह जगभरात तो ११ कोटींहून जास्त विकला गेला.

तिसरं उदाहरण १९९९ सालच्या 'रोलरकोस्टर टायकून'चं. यात आपण जत्रेसारखं मोठं उद्यान चालवतो: पाळणे बांधायचे, तिकिटाचे दर ठरवायचे, माणसं खूश ठेवायची. ख्रिस सॉयर यांनी हा गेम जवळजवळ पूर्णपणे असेम्ब्ली भाषेत लिहिला. असेम्ब्ली म्हणजे प्रोसेसरला एकेक बारीक हुकूम स्वतः सांगायचा. घर बांधायला वीटसुद्धा आपणच भाजायची, तसं काहीसं. म्हणूनच त्या काळच्या साध्या कॉम्प्युटरवर शेकडो माणसं एकाच वेळी उद्यानात फिरताना दिसायची.

तेव्हा जुना गेम म्हणजे नव्याचा उरलासुरला भाऊ नाही. चित्रं जुनी होतात, युक्ती जुनी होत नाही.

आधी आपला लॅपटॉप ओळखा

गेम निवडण्याआधी पाच मिनिटं लॅपटॉपकडे द्या. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या सिस्टिममध्ये जाऊन 'अबाउट' उघडलं की प्रोसेसर आणि रॅम दिसते. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये ग्राफिक्सचं नाव दिसतं. तिथे फक्त इंटेलचं 'यूएचडी' किंवा 'आयरिस' असं काही लिहिलं असेल, तर वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. बहुतेक घरांत हेच निघतं.

आता दुकानाच्या पानावर प्रत्येक गेमखाली किमान गरजा लिहिलेल्या असतात. त्यातल्या चार गोष्टी जुळवा: विंडोज कोणतं, रॅम किती, ग्राफिक्स कोणतं आणि डिस्कवर जागा किती. माझा ठोकताळा असा: ८ जीबी रॅम आणि इंटेलचं साधं ग्राफिक्स असेल तर साधारण २०१० पर्यंतचे बहुतेक गेम सुखाने चालतात. त्यानंतरचे मोठे गेम एकेक तपासून घ्यावे लागतात. हाताने काढल्यासारखी सपाट चित्रं असलेले छोटे गेम मात्र कोणत्याही सालचे असोत, बरेचदा चालतात.

गेम अडखळत असेल तर सेटिंगमध्ये पडद्याचा आकार १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणा. हिशेब करून पाहा: पहिल्यात सुमारे २१ लाख ठिपके, दुसऱ्यात सुमारे ९ लाख. म्हणजे ग्राफिक्सला दर वेळी निम्म्याहून कमी ठिपके रंगवायचे. चित्र थोडं मऊ दिसेल, पण गेम पळू लागेल.

शून्य रुपयांत काय मिळतं?

पाचशेची नोट खिशातच ठेवा, आधी फुकटातले बघू. हे खरोखरचे फुकट आहेत. यातले पहिले तीन गेम कोड सगळ्यांसाठी खुला ठेवून हौशी लोकांनी वर्षानुवर्षं जपलेले आहेत. यांत जाहिरात नाही, पैसे भरायचं बटण नाही.

'ओपनटीटीडी': याच ख्रिस सॉयर यांचा १९९४ सालचा 'ट्रान्सपोर्ट टायकून' हा गेम. त्याच्या पुढच्या आवृत्तीवरून हौशी प्रोग्रामरांनी २००४ पासून हा नव्याने लिहिला. गावं, खाणी, कारखाने असलेला एक नकाशा आणि हातात थोडं कर्ज. रेल्वे टाका, बस चालवा, कोळसा वीजघरापर्यंत न्या. सुरुवातीला एक बस दोन गावांत फिरते आणि महिन्याभराने रेल्वेच्या सिग्नलचं कोडं डोक्यात घोळत झोप लागते. डाउनलोड इतकं लहान, की फोनच्या डेटावरही पटकन उतरतं.

'बॅटल फॉर वेसनॉथ': २००३ पासून चालत आलेला, आळीपाळीने चाली करायचा लढाईचा गेम. षट्कोनी घरांचा पट, सैनिकांची बलस्थानं, दिवस-रात्रीचा फरक. बुद्धिबळ आवडणाऱ्यांना हा लगेच पकडतो. एकाच लॅपटॉपवर दोघांनी आळीपाळीने खेळायचीही सोय आहे.

'झिरो ए. डी.': प्राचीन काळातली राज्यं उभारायची. यात मौर्यही आहेत आणि त्यांच्याकडे चक्क कामाला हत्ती आहेत. हा वरच्या दोघांपेक्षा लॅपटॉपला थोडा जड पडतो, तेव्हा छोटा नकाशा घ्या.

'बिनीथ अ स्टील स्काय': १९९४ सालचा गोष्टीचा गेम. विज्ञानकथा, कोडी आणि तिरकस विनोद. बनवणाऱ्या कंपनीनेच २००३ साली तो सगळ्यांना मोफत दिला. स्कमव्हीएम नावाचा छोटा मोफत प्रोग्राम घेतला की तो आजच्या लॅपटॉपवर चालतो. इंग्रजी संवाद वाचत जायचं असल्याने भाषेचाही सराव होतो, पण हे मुलांना आधी सांगू नका!

या चौघांचे गेम त्यांच्या स्वतःच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. नावं सारखी दिसणाऱ्या इतर साइटवरून नको.

आता पाचशेची नोट काढा

विकतच्या जुन्या गेमसाठी दोन ठिकाणं लक्षात ठेवा. एक स्टीम. तिथे २०१५ पासून भारतात किमती रुपयांत दिसतात. दुसरं जीओजी, पोलंडमधलं, २००८ साली खास जुने गेम विकण्यासाठीच सुरू झालेलं. जीओजीवरून घेतलेल्या गेमची फाइल तुम्ही पेन ड्राइव्हवर जपून ठेवू शकता, खेळायला नेट लागत नाही. पैसे परकी चलनात कापले जाणार असतील, तर कार्डाचं जादा शुल्क धरून हिशेब करा. याशिवाय एपिकच्या दुकानात अधूनमधून चांगले गेम ठराविक दिवसांपुरते फुकट मिळतात. त्या मुदतीत खात्यात घेतले की ते तुमच्याकडे राहतात.

खरेदीचे माझे नियम साधे आहेत. आवडलेला गेम लगेच घ्यायचा नाही, इच्छायादीत टाकायचा. स्टीमचे मोठे सेल उन्हाळ्यात आणि डिसेंबरअखेर येतात. जुन्या गेमवर तेव्हा पंचाहत्तर, कधी नव्वद टक्केही सूट असते. आधीचा एक गेम संपल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही, नाहीतर सेलमध्ये स्वस्तात घेतलेल्या साड्यांसारखं कपाट भरतं आणि घडी मोडत नाही. आणि गेम घेतल्यावर पहिल्याच दिवशी चालवून पाहायचा, कारण खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देतं. लॅपटॉपवर चालेल की नाही याची शंका असेल, तर ही सोय फार कामाची आहे.

काय घ्यावं? माझ्याकडून चार नावं.

'पोर्टल', २००७. हातात एक यंत्र, त्याने भिंतीवर दोन दारं उमटवायची. एका दारातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. उंचावरून उडी मारून पहिल्या दारात पडलो तर तोच वेग घेऊन दुसऱ्यातून भिरकावले जातो. अकरावीच्या भौतिकशास्त्रातला संवेग इतक्या मजेत कुणी शिकवलेला नाही. याची मूळ कल्पना अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या कॉलेज प्रोजेक्टमधून आली आणि व्हॉल्व्ह कंपनीने त्या मुलांनाच नोकरी दिली. गेम छोटा आहे, तीन-चार तासांत संपतो. सेलमध्ये दोघांच्या पोहे-जिलबीच्या पैशांत येतो.

'वर्ल्ड ऑफ गू', २००८. चिकट गोळे एकमेकांना जोडून पूल, मनोरे बांधायचे आणि ते कोसळू द्यायचे नाहीत. मुख्यतः दोघाजणांनी मिळून बनवलेला गेम. आठ-दहा वर्षांच्या मुलांपासून सिव्हिल इंजिनियर काकांपर्यंत सगळ्यांना चालतो.

'मशिनारियम', २००९. चेक कलाकारांनी हाताने रंगवलेलं गंजलेलं यंत्रांचं शहर आणि त्यात हरवलेला छोटा यंत्रमानव. यात एकही संवाद नाही, सगळं चित्रांतून कळतं. भाषेची अडचणच नसल्याने आजी आणि नातवंडं शेजारी बसून कोडी सोडवू शकतात.

'एज ऑफ एम्पायर्स टू'. मूळ १९९९ सालचा, २०१९ मध्ये नव्याने सजवलेला. या गेमचं आयुष्य बघा: मूळ गेम येऊन तेवीस वर्षं झाल्यावर, २०२२ साली, त्यात गुर्जर, बंगाली आणि द्रविड राज्यं घालणारा नवा भाग आला. त्यात राजेंद्र चोळाची मोहीमही आहे. चित्रांचा दर्जा कमी ठेवला तर साध्या इंटेल ग्राफिक्सवरही हा खेळता येतो. वरच्या तिघांपेक्षा महाग आहे, म्हणून हा दुसऱ्या वर्षाच्या यादीत.

पहिले तीन गेम सेलची वाट पाहून घेतले तर पाचशेत बसवणं अवघड नाही. किमती बदलत असतात, तेव्हा आकडा त्या दिवशी पाहूनच ठरवा.

दोन सापळे

पहिला सापळा 'क्रॅक' केलेल्या गेमचा. "दादा, हाच गेम अमुक साइटवर फुकट आहे," हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय त्याचा हिशेब नाही. क्रॅक चालवण्याआधी तिथे हमखास एक सूचना असते: अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे अनोळखी माणूस दारात उभा आहे आणि म्हणतोय, आधी कुत्रा बांधा आणि कुलूप काढा. ज्या लॅपटॉपवर बाबा बँकेचं खातं उघडतात, त्याच लॅपटॉपवर हे करायचं नाही. शंभर रुपये वाचवायला सगळं घर पणाला लागतं.

"पण गेम जुना आहे, कंपनीही बंद झाली," असंही म्हणतात. कायदा तसं मानत नाही. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतींबरोबर मोडतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. अडचण खरी आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ साली दाखवून दिलं, की २०१० पूर्वी तिथे आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज दुकानात मिळतच नाहीत. हे वाईट आहे आणि ग्रंथालयांना त्यासाठी सवलत मिळायला हवी असं मलाही वाटतं. पण उरलेल्या तेरा टक्क्यांत तुमचं-माझं सगळं आयुष्य खेळण्यात जाईल एवढे गेम आहेत. तिथूनच निवडू.

दुसरा सापळा फोनवरच्या 'फुकट' गेमचा. हा जास्त फसवा, कारण इथे कायदा मोडलेला नसतो. गेम मोफत उतरतो. मग नाणी, हिरे, पेट्या, महिन्याचा पास. रुपयांऐवजी हिऱ्यांत किंमत सांगितली की खर्च खर्चासारखा वाटत नाही, आणि तसं वाटू नये म्हणूनच ते हिरे असतात. महिन्याला दोनशे रुपये गेले तर वर्षाला चोवीसशे होतात. एवढ्यात वरचे सगळे गेम येतील आणि ते आपलेच राहतील. फोनच्या प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे, ती आजच चालू करा. मुलावर अविश्वास म्हणून नाही, दुकानदार हुशार आहे म्हणून.

पालकांसाठी आणखी एक गोष्ट. जुना गेम म्हणजे लहान मुलांचा गेम नव्हे. आमच्या वेळचे काही अतिशय गाजलेले गेम प्रौढांसाठीच होते, आणि आम्ही ते सातवी-आठवीत खेळत होतो हे तेव्हा घरात कुणाला कळलं नाही. दुकानाच्या पानावर किंवा जुन्या डिस्कच्या वेष्टनावर वयाची खूण असते. १८ लिहिलं असेल तर अठराच समजा.

मग सोबतीचं काय?

आता मुलाच्या प्रश्नाकडे. खरं सांगायचं तर जुना गेम एक गोष्ट देऊ शकत नाही: वर्गात सगळे ज्याबद्दल बोलतात, त्याबद्दल बोलायची संधी. सोळाव्या वर्षी ही छोटी गोष्ट नसते. "तुला काय करायचंय त्यांच्याशी," असं म्हणून ती मिटत नाही. पालकांनी हे समजून घ्यावं. मुलाची मागणी लॅपटॉपची वाटते, पण आत बरेचदा घोळक्यात जागा मिळवण्याची धडपड असते.

पण यातही एक गंमत आहे. जो गेम सत्तर हजारांच्या मशीनवर चालतो, तो वर्गातल्या सगळ्यांकडे चालत नसतोच. बोलणारे चार-पाच असतात, ऐकत बसणारे जास्त. हलका आणि मोफत गेम मात्र सगळ्यांच्या लॅपटॉपवर चालतो. म्हणून मी त्या मुलाला सुचवलं, की दुसऱ्यांच्या गेममध्ये जागा शोधण्याऐवजी तू गेम आण. ओपनटीटीडी नेटवरून किंवा घरच्या वायफायवर मिळून खेळता येतो. खुला गेम असल्याने पेन ड्राइव्हवर घालून मित्राला देण्यात काहीच चुकीचं नाही.

त्याने दोन मित्रांना दिला. पहिल्या रविवारी एकाने अर्ध्या तासात सोडला, "बोअर आहे" म्हणाला. दुसरा टिकला आणि त्याने आणखी एकाला आणलं. आता तिघं मिळून एकच रेल्वे कंपनी चालवतात आणि सिग्नल कुणी चुकीचा लावला यावर डब्याच्या सुट्टीत भांडतात. वर्गाचं बोलणं अजूनही त्या नव्या गेमचंच असतं. पण कोपऱ्यात या तिघांचंही एक बोलणं सुरू झालंय.

घरातही हे होऊ शकतं. आपल्याकडे दिवाळीत पाच-तीन-दोन आणि मेंढीकोट रंगतात, कारण पत्ते खेळणाऱ्यापेक्षा बघणारे आणि सल्ले देणारे जास्त असतात. मशिनारियम टीव्हीला जोडून लावा आणि माउस एकाच्या हातात द्या. बाकीचे आपोआप सांगू लागतील: "अरे, ती कडी ओढ की!"

सुरुवात कशी करावी?

जुन्या गेमचा पहिला अर्धा तास थोडा रुक्ष जातो, हे आधीच सांगून ठेवतो. बटणं वेगळी असतात, गेम आपल्याला फार काही समजावत नाही, मध्येच आपोआप सेव्हही होत नाही. म्हणून तीन गोष्टी करा. सुरुवातीचा शिकवणीचा भाग टाळू नका. दर पंधरा मिनिटांनी स्वतः सेव्ह करा. आणि एक तास खेळल्याशिवाय मत बनवू नका. तासानंतरही कंटाळा आला तर खुशाल बंद करा, सगळे गेम सगळ्यांसाठी नसतात.

वर्षाचा बेत असा ठेवा: पहिले तीन-चार महिने फक्त मोफत गेम. त्यातून आपली आवड कळेल: कोडी, बांधकाम, लढाई की गोष्ट. मग उन्हाळी सेलमध्ये त्या आवडीचा एक गेम, संपला की डिसेंबरात दुसरा-तिसरा. परीक्षेच्या महिन्यात काहीच नको. पैशांइतकंच वेळेचंही बजेट असतं, आणि ते सेलमध्ये वाढवून मिळत नाही. पोर्टलसारखा संपणारा गेम म्हणूनच मला आवडतो. शेवट येतो, टाळी वाजते आणि आपण मोकळे होतो.

आता तुमची पाळी. तुमच्या घरात अजून चालणारा, दहा वर्षांहून जुना आणि सगळ्यांना आवडणारा एखादा गेम असेल तर नाव कळवा, आणि लॅपटॉप कोणता तेही लिहा. पाच-सहा चांगली नावं जमली तर पुढच्या अंकात आपल्याच वाचकांची यादी देऊ. तोवर पासवर्डची ती सोय चालू करायला विसरू नका.